चांद्याहून साकचीला : एका कारखान्याच्या जागेच्या मागावर

कारखान्यासाठी जागा बघत फिरण्यात माझी नोकरीची जवळजवळ तीस वर्षं गेली. सातबारे, टोपोशीट, माती परीक्षणाचे अहवाल, सबस्टेशनपासूनचं अंतर, पुराच्या रेषा, हे सगळं पोटापाण्याचं काम. निवडलेल्या बहुतेक जागा लाभल्या. एक लाभली नाही. ऑक्टोबरात पाहिलेली नदी दोन्ही काठ भरून वाहत होती आणि मी अहवालात ‘पाणी : मुबलक’ असं लिहून खाली सही केली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी जॅकवेलचा, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीचा, तळाचा फूटव्हॉल्व्ह चिखलात उघडा पडलेला मी पाहिला. त्या कारखान्याने दोन उन्हाळे टँकरवर काढले, मग बारा किलोमीटरवरून पाइपलाइन आणली. सही माझी होती. ती गोष्ट अजून आठवली की झोप उडते.

निवृत्तीनंतर ठरवलं, आपल्या देशात जागेचा जो सगळ्यात मोठा शोध झाला त्याच्या वाटेने एकदा जायचं, आणि तेही एप्रिलमध्येच. जमशेदपूरचा पोलाद कारखाना सगळ्यांना ठाऊक असतो. तो तिथेच का, हे फारसं कुणी विचारत नाही. जमशेटजी टाटांच्या हातात १८८२ साली जो अहवाल पडला, तो आपल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दल होता. साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, माळावर पहिली खुंटी ठोकली गेली ती २७ फेब्रुवारी १९०८ रोजी. मधली पंचवीस वर्षं जागा शोधण्यात गेली. सोबत माझा जुना मित्र होता, धातुशास्त्रवाला. मी जमीन आणि पाणी बघणारा, तो खनिज आणि कोळसा.

दिवस पहिला : वरोरा

नागपूरहून सकाळी सहाला निघालो तरी वरोऱ्याला पोचेपर्यंत उन्हाने डोळे दिपायला लागले होते. वरोरा म्हटलं की आज आनंदवन आठवतं. एकोणिसाव्या शतकात हे गाव ओळखलं जायचं ते सरकारी कोळसा खाणीसाठी. त्या कोळशासाठीच वर्ध्याहून इथवर रेल्वे आली. चांद्याच्या लोखंडाचा अहवाल लिहिणाऱ्या रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचं म्हणणं सरळ होतं : खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे. कागदावर याहून छान जोडी कुठली?

रस्त्यालगत ट्रकमधून सांडलेला कोळसा पडला होता. मित्राने एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी दाबलं. पापुद्रे सुटले. "हा जळेल, वाफ करेल, वीज करेल," तो म्हणाला. "पण याचा कोक होणार नाही."

ज्यांना हा फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचा सगळा प्रवास या एका गोष्टीवर उभा आहे. लोखंड गाळायच्या झोतभट्टीत खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर एकावर एक चढवतात. खालचा कोक वरचं सगळं ओझं पेलतो, शिवाय त्याच्या फटींतून गरम वारा वर जावा लागतो. म्हणून कोक कणखर हवा आणि सच्छिद्रही हवा. काही जातीचे कोळसे हवा न लागू देता तापवले की मऊ होतात, फुगतात आणि थंड झाल्यावर एकजीव घट्ट ढेप होते, तोच कोक. बाकीच्यांची भुकटी ती भुकटीच राहते. प्रयोगशाळेत हे एक ग्रॅम कोळशावर कळतं : झाकणाच्या मुशीत तापवला की एकतर फुगीर गोळी हाती येते, नाहीतर राख सांडावी तशी पूड. जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने तपासायला जर्मनीला धाडले होते. उत्तर नकाराचं आलं. त्यात त्या वेळच्या खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. अहवाल बासनात गेला, पण त्यांनी तो जपून ठेवला.

रात्री चंद्रपूरला मुक्काम. दहा वाजले तरी भिंतींना हात लावला तर चटका बसत होता.

दिवस दुसरा : लोहारा

"सर, लोहारा कोनतं? एक चंद्रपूरले लागूनच हाय, अन् एक तिकडं सिंदेवाहीच्या बाजूनं." ड्रायव्हरने हा प्रश्न गाडी सुरू करण्याआधी विचारला म्हणून बरं, नाहीतर अर्धा दिवस वाया गेला असता. आम्हाला हवं होतं ते सिंदेवाहीकडचं.

गावाच्या नावातच लोहार आहे. या जिल्ह्यात मातीच्या लहान भट्ट्यांतून, लाकडी कोळशावर, पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळलं जायचं. साहेबाने येऊन शोध लावला असं काही नाही. त्याने जे लिहून घेतलं ते इथल्या माणसांना आधीपासून माहीत होतं.

टेकडीच्या पायथ्याच्या रानात आम्ही तासभर होतो. मोहाची फुलं वेचून झालेली, खाली जाळलेल्या पाचोळ्याची काळी वर्तुळं. दगड दिसायला साधा, तांबूस-करडा. उचलला की हात खाली जातो. ज्याने आयुष्यभर बेसॉल्ट हाताळला त्याला हे वजन चकवतं.

झाडाखाली बसून मी नेहमीच्या सवयीने वहीत रकाने पाडले. खनिज : चांगलं. कोकचा कोळसा : नाही. पाणी : मी त्या रानात पाहिलेले सगळे नाले कोरडे. एका रकान्यात शंभर गुण पडले म्हणून दुसऱ्यातलं शून्य भरून निघत नाही, हे आमच्या क्षेत्रातल्या तरुण मुलांना मी नेहमी सांगत आलो. गुणांची बेरीज करून जागा निवडण्याचे तक्ते सगळीकडे वापरतात. त्यातला धोका हाच. बेरजेत शून्य लपतं, मग कारखाना उभा राहिल्यावर ते उन्हाळ्यात बाहेर येतं.

दिवस तिसरा : नागपूर

सकाळी एम्प्रेस मिलची जागा बघायला गेलो. गिरणी आता नाही, मॉल आहे. तरीही गेलो, कारण जमशेटजींनी जागा निवडण्याचा पहिला मोठा धडा इथे गिरवला होता. १८७०च्या दशकात कापडगिरणी म्हणजे मुंबई, असं समीकरण होतं. त्यांनी उलटा विचार केला : कापूस जिथे पिकतो तिथे जायचं. नागपूरला वऱ्हाडचा कापूस होता, रेल्वे होती आणि यंत्रं चालवायला वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता. घेतलेली जमीन मात्र तलावाकाठची, पाणथळ. ती भरून घ्यावी लागली. असं सांगतात की एका सावकाराने या कामाला पैसे द्यायचं नाकारलं, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली आणि पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की या माणसाने मातीचं सोनं केलं.

कापूस सुताच्या गाठीत जवळजवळ पूर्ण वजनानिशी बाहेर पडतो, त्यामुळे गिरणी कापसाजवळ ठेवा की बाजाराजवळ, वाहतुकीचं गणित फार बिघडत नाही. लोखंडाचं तसं नाही. पुढचा शोध एवढा लांबला त्याचं एक कारण हेच.

दुपारी सिव्हिल लाइन्समध्ये अजब बंगल्यात गेलो, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात. या सहलीतली माझी सगळ्यात आवडती हकिगत इथली आहे. १८९९ नंतर व्हाइसरॉय कर्झनच्या काळात खाणधोरण सैल झालं आणि जमशेटजींनी जुना विषय पुन्हा काढला. अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला गाठलं. पेरिनने सी. एम. वेल्ड या भूवैज्ञानिकाला हिंदुस्थानात पाठवलं. वेल्ड, जमशेटजींचा मुलगा दोराबजी टाटा आणि भाचा शापुरजी सकलातवाला चांद्याच्या रानात हिंडले. निष्कर्ष तोच : इथे मोठा कारखाना नाही. हे सरकारला सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले. ज्या अधिकाऱ्याला भेटायचं होतं त्यांची वाट बघायची होती, म्हणून वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग गडद रंगवलेला होता. लोखंड!

तो भाग रंगवण्याइतकी माहिती जमली होती ती प्रमथनाथ बोस या भारतीय भूवैज्ञानिकाच्या कामातून. कितीतरी वर्षं आधी हा माणूस तिथे पायी हिंडला, त्याने नोंद केली, अहवाल छापला गेला आणि कुणी उघडला नाही. मी जिन्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो. आमच्या धंद्यात ‘डेस्क स्टडी’ म्हणून एक टप्पा असतो : बाहेर पडण्याआधी उपलब्ध नकाशे आणि जुने अहवाल चाळायचे. तरुण लोक त्याला कंटाळतात, ग्राहक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतात. इथे एका रिकाम्या तासाने जे केलं ते तीन माणसांच्या तंगडतोडीने झालं नव्हतं.

रात्रीच्या गाडीने दुर्ग.

दिवस चौथा : दल्ली-राजहरा

दुर्गहून दक्षिणेला, बालोदमार्गे. वाटेत बालोदजवळ तांदुला धरण लागतं. मी गाडी थांबवायला लावली आणि बांधावर चढलो. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठावर चिखलाला भेगा पडल्या होत्या, तरी मधोमध निळा पट्टा चांगला रुंद होता. याची नोंद घेतली. का, ते पुढे येईल.

दल्ली-राजहरात शिरलं की सगळं गाव गेरूत बुडवून काढल्यासारखं. झाडांची पानं लाल, घरांचे पत्रे लाल, रस्त्याकडेच्या पाण्याचं डबकं लाल. खाणीच्या कुंपणाच्या आत आम्ही गेलो नाही, बाहेरच्या रस्त्यावरच नमुने पुरेसे होते. मित्राने खिशातून फरशीचा तुकडा काढला. मागची खरबरीत, झिलई नसलेली बाजू वर केली आणि खडा जोर लावून ओढला. खडा काळसर, पोलादी चकाकीचा. उमटलेली रेघ मात्र लालभडक, ओल्या कुंकवासारखी. "हेमॅटाइट," तो लोखंडाच्या त्या खनिजाचं नाव घेत म्हणाला, आणि लहान मुलासारखी दुसरी रेघ ओढली. मग तिसरी. सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर तो आनंद बघायला मिळाला, मला दिवसभराचं ऊन वसूल झाल्यासारखं वाटलं. वेल्ड आणि मंडळी या टेकडीवर चढली तेव्हा पावलाखालची जमीन धातूसारखी वाजत होती, असं सांगितलं जातं. फरशीवरच्या तीन रेघा बघून ते खरं वाटतं.

मग कारखाना इथे का झाला नाही? कोकचा कोळसा होता दूर, आजच्या झारखंडातल्या झरियाला. त्या काळच्या भट्टीला एक टन लोखंडासाठी दीड टनाहून जास्त खनिज आणि एक टनाहून जास्त कोक लागायचा, आणि एवढ्या कोकसाठी त्याच्या दीडपट कोळसा. म्हणजे कोळशाचं वजन खनिजाला मागे सारत होतं. इतका माल शेकडो किलोमीटर ओढायचा, त्यातला बराचसा धूर होऊन उडून जाणार. शिवाय भट्ट्या थंड ठेवायला बारमाही पाणी हवं, ते इथे नव्हतं. एवढं शुद्ध खनिज पायाखाली असताना त्या लोकांनी नाही म्हटलं. आपल्याला सोपं वाटतं. ज्याने एकदा तरी जागा नाकारली आहे त्याला विचारा, मालक समोर बसलेला असताना ‘नाही’ म्हणणं किती जड जातं.

आणि तरीही या टेकड्यांच्या जिवावर पोलाद कारखाना झालाच. भिलाई. सोव्हिएत रशियाबरोबर करार झाला १९५५ साली, पहिली झोतभट्टी पेटली फेब्रुवारी १९५९ मध्ये. जी जागा १९०५च्या सुमाराला नापास झाली ती पन्नास वर्षांनी पास कशी? टेकडी तीच. कोळसा अजूनही लांबूनच येतो. बदललं ते भोवतालचं. रेल्वेचं जाळं वाढलं, भट्टीला कोक कमी लागू लागला, निर्णय घेणारं सरकार होतं, आणि पाणी? सकाळी बांधावरून पाहिलेलं तांदुला. ते धरण १९२०च्या सुमारास पूर्ण झालं. वेल्डच्या वेळी तिथे फक्त नदी होती, आणि एप्रिलमधली नदी म्हणजे काय ते मला माहीत आहे. एखादी जागा कायमची चांगली किंवा कायमची वाईट असं म्हणणं मी आता सोडून दिलं आहे. नाकारलेल्या जागांच्या फायली फेकू नयेत, एवढं मात्र नक्की सांगेन.

दिवस पाचवा : संबळपूर

दिवस गाडीत गेला. संध्याकाळी महानदीच्या काठावर उभे राहिलो. दुर्गचं खनिज, झरियाचा कोळसा, आणि मध्ये कुठेतरी पाणी, अशी जुळणी करताना शोधकांनी संबळपूर भागात महानदीकाठच्या पद्मपूरला कारखाना काढायचा विचार केला होता. विचार चुकीचा नव्हता. आज वरच्या बाजूला १९५७ साली लोकार्पण झालेलं हिराकूड धरण आहे, त्यामुळे समोरच्या पात्रावरून जुना अंदाज बांधता येत नाही. मी उगाच बांधलाही नाही.

दिवस सहावा : रेल्वेत

झारसुगुड्याहून टाटानगर. गाडी उशिरा, डब्यात उकाडा. मित्राने वहीच्या मागच्या पानावर त्रिकोण काढला : खनिज, कोळसा, बाजार. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत १९०९ साली मांडला. त्याचा गाभा हा त्रिकोणच. साकचीला खुंटी ठोकून तेव्हा वर्ष उलटलं होतं. म्हणजे पुस्तक यायच्या आधी माणसं हे गणित रानात पायांनी सोडवत होती.

संगणक आले नव्हते तेव्हा आम्ही नोकरीत हे गणित दोऱ्यांनी करायचो. प्लायवूडवर नकाशा डकवायचा. खनिज, कोळसा आणि बाजार जिथे असतील तिथे भोकं पाडायची. तीन दोऱ्या एका गाठीत बांधून एकेका भोकातून खाली सोडायच्या आणि प्रत्येकीला त्या त्या मालाच्या वजनाच्या प्रमाणात वजन लटकवायचं. हात सोडला की गाठ नकाशावर सरकत सरकत एका जागी थांबते. वाहतुकीच्या दृष्टीने ती सर्वांत स्वस्त जागा. एखादं वजन फारच जड असलं तर गाठ सरळ त्याच्या भोकात जाऊन बसते. लाकडावर टकटक केलं की दोऱ्यांचं घर्षण सुटून गाठ थोडी आणखी सरकते, ते बघताना नवशिक्यांचे डोळे चमकायचे. गाठ तुम्हाला परिसर दाखवते. तिथे डोंगर आहे की दलदल, गाव आहे की मसणवटा, हे ती सांगत नाही.

दिवस सातवा : गोरुमहिसाणी

जमशेदपूरहून दक्षिणेला, ओडिशातल्या मयूरभंजमध्ये, रायरंगपूरच्या बाजूला. इथे यायचं ते बोसांसाठी. भूशास्त्र सर्वेक्षण खात्यातून निवृत्त होऊन ते मयूरभंज संस्थानच्या नोकरीत आले आणि इथल्या डोंगरात त्यांना लोखंडाचे प्रचंड साठे दिसले. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिलं. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात गेले. शोधाची दिशा ज्याने बदलली ते पत्र त्यांच्या हयातीत आलं, बदल मात्र त्यांना बघता आला नाही.

डोंगर गर्द झाडीचा, मध्येच उघडा पडलेला लाल कडा. सालवृक्ष पालवले होते, त्यामुळे एप्रिल असूनही सावली दाट. दोऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर या डोंगराने नकाशातलं खनिजाचं भोक दुर्गहून उचलून पूर्वेला आणून ठेवलं. झरिया जवळ आलं, कलकत्त्याचं बंदर जवळ आलं, गांगपूर संस्थानातली चुनखडी आणि डोलोमाइट टप्प्यात आलं. गाठ महानदी सोडून सिंहभूमकडे, म्हणजे साकचीच्या भागाकडे, सरकली.

बोसांचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? दोन्ही टेकड्यांच्या मागे हाच माणूस. मला याची मनापासून हळहळ वाटते.

दिवस आठवा : साकची

सिंहभूममध्येही आधी सिनी जंक्शनच्या परिसराचा विचार झाला होता. रेल्वेचा सांधा, म्हणून ओढा स्वाभाविक होता. पण १९०७च्या अखेरीला वेल्ड आणि त्याचे सहकारी श्रीनिवास राव साकची नावाच्या खेड्यापाशी पोचले. उंचसखल पण पक्की जमीन, खरकाई आणि सुवर्णरेखा या दोन नद्यांचा संगम, आणि काही मैलांवर बंगाल-नागपूर रेल्वेचं कालीमाटी स्टेशन. गोरुमहिसाणी शंभर किलोमीटरच्या आत, झरिया दोनशेच्या आत, हावडा रेल्वेने अडीचशे. शोध संपला. २ डिसेंबर १९११ रोजी पहिलं लोखंड भट्टीतून वाहिलं, १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिलं पोलाद. १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं आणि कालीमाटी स्टेशनचं टाटानगर.

सकाळी साकचीच्या बाजारातून चालत होतो तर दुकानाच्या पाटीवर पत्ता दिसला, ‘कालीमाटी रोड’. काळी माती म्हटलं की आम्हा महाराष्ट्रातल्या स्थापत्यवाल्यांच्या पोटात गोळाच येतो. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, यंत्रांचे पाये हलवते. नुसतं नाव ऐकून मी ती जागा यादीतून काढली असती. कडेच्या एका खणलेल्या चरात वाकून पाहिलं. निदान तिथली माती लालसर, मुरमाड होती. गावाच्या नावावर जागा पारखू नये, चर खणावा.

पण गावाची नावं मला दिवसभर सोडेनात. साकची, सोनारी, जुगसलाई, काशीडीह. आज ती शहराच्या वस्त्यांची आणि बाजारांची नावं आहेत, तेव्हा ती खेडी होती. संथाळ, ‘हो’ आणि भूमिज या आदिवासी जमातींची माणसं तिथे शेती करत होती. जमशेटजींनी जागा ठरायच्याही आधी, १९०२ मध्ये, मुलाला पत्र लिहून बजावलं होतं : रस्ते रुंद ठेवा, सावलीची झाडं लावा, खेळाची मैदानं आणि बागा सोडा, देवळं, मशिदी, चर्च यांना जागा राखा. कामगाराच्या जगण्याचा एवढा विचार त्या काळात दुर्मीळ होता, आणि रस्त्यावरची झाडं आजही त्याची साक्ष देतात. आधीपासून तिथे राहणाऱ्यांचा विचार वेगळा, तो तेव्हाच्या कुठल्याच कारखान्याच्या कागदात नसायचा. आमच्याही तक्त्यात ‘जमीन : सलग की तुकड्यांत, मालक किती’ एवढाच रकाना असे. गाव असा रकाना मी तीस वर्षांत एकदाही पाडला नाही, आणि पाडायला हवा होता.

दुपारी सोनारीच्या टोकाला दोमुहानीवर, म्हणजे दोन नद्यांच्या संगमावर, गेलो. दोन तोंडं, म्हणून दोमुहानी. बारा वाजून गेले होते, वाळू तापलेली. एक बाई काठावर कपडे धूत होती. तिला हिंदीत विचारलं, यापेक्षा खाली जातं का पाणी? ती म्हणाली, जेठ अजून यायचाय.

त्या लोकांनी ही नदी पाहिली ती थंडीच्या तोंडाशी. उन्हाळ्यात ती अशी होते हे त्यांना हिशेबात घ्यावंच लागलं. सुवर्णरेखेवर बंधारा घालून पाणी अडवावं लागलं, पुढे १९४०च्या दशकात डिमनाचा तलाव करावा लागला. संगम होता म्हणून भागलं नाही, संगमाला साठवणीची जोड दिली म्हणून भागलं. माझ्या त्या अहवालात बंधाऱ्याची एक ओळ असती तर, हा विचार मी तिथे बराच वेळ केला.

मित्र सावलीत बसला. मी बूट काढून हातात घेतले आणि खरकाईच्या अंगाने वाळूतून पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेलो, मग पावलं मोजत परत. वर चांडिलचं धरण झालंय, त्यामुळे सुवर्णरेखेचं आजचं पाणी १९०७ची साक्ष देणार नाही, हे कळत होतं. तरी मोजलं. वही काढली, वर ठिकाण आणि तारीख घातली. खाली लिहिलं : पाणी, एप्रिलअखेर. कोरडी वाळू एकशे बारा पावलं. धारेची खोली मधोमध बघायची राहिली, होडीवाला चारनंतर येतो म्हणतात. चारपर्यंत थांबायचं ठरलं.